आठ वर्षांच्या मुलीच्या दंडांवर आणि मांड्यांवर खरखरीत पुरळ आहे, घासूनही जात नाही. काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की दोन्ही दंडांच्या मागच्या-बाहेरच्या बाजूला आणि मांड्यांवर बारीक पुरळ आहे, हात फिरवला की किसणीसारखं लागतं. खाज फारशी नाही, दुखत नाही, थंडीत वाढतं. वजरीने घासून झालं, डाळीचं पीठ झालं, खोबरेल झालं. निपाणीच्या मेडिकलमधून आणलेल्या क्रीमने आठ दिवस बरं वाटलं आणि पुन्हा जैसे थे. या वर्णनावरून हे केराटोसिस पिलारिस दिसतं. मुलांमध्ये अगदी सर्रास असतं, वयात येताना थोडं वाढतं आणि पुढे बऱ्याच जणांचं आपोआप कमी होतं. ते संसर्गजन्य नाही, पोटातल्या जंतांमुळे नाही, रक्त खराब असल्यामुळे नाही आणि मुलगी नीट आंघोळ करत नाही म्हणून तर मुळीच नाही.

पहिलं काम म्हणजे वजरी आजपासून बंद. घोसाळ्याची जाळी, प्लॅस्टिकचा ब्रश, दगड, सगळंच बंद. यावर मी एवढा जोर देतोय, कारण घरोघरी हीच चूक होते आणि बाकी सगळं बरोबर करूनही ती एकटी सगळ्यावर पाणी फिरवते.

असं का, ते सांगतो. कातडीचा वरचा थर केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. या मुलांमध्ये ते लव उगवते त्या छिद्राच्या तोंडाशी जास्त साठतं आणि छिद्राला बूच बसतो. रात्री खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलची बॅटरी तिच्या दंडाला जवळजवळ टेकवून आडवी धरा. टाचणीच्या डोक्याएवढे उंचवटे ओळीने दिसतील, प्रत्येक उंचवट्याच्या मधोमध एक लव. काही ठिकाणी लव बाहेर न येता आतच वेटोळं घालून बसलेली दिसेल. भोवती गुलाबी किंवा तपकिरी कडं असेल. दाबल्यावर जो पांढरा कडक कण निघतो त्याला लोक पू समजतात आणि अँटिबायोटिक सुरू करतात. तो पू नसतो, साठलेलं केराटिनच असतं. घासून वरचं टोक उडतं, बूच तिथेच राहतो. कातडीला इजा झाली की ती स्वतःला वाचवायला आणखी जाड थर तयार करते, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर प्रत्येक ओरखड्याचा काळपट डाग मागे राहतो. म्हणून हा बूच खरवडायचा नाही, भिजवून मऊ करायचा.

हे बहुतेक वेळा घराण्यात असतं. तुमच्या किंवा तिच्या बाबांच्या दंडावर हात फिरवून बघा, आत्याला-मावशीला विचारा. ज्या मुलांची कातडी मुळात कोरडी असते, नडगीवर बारीक खवले दिसतात, तळहातावरच्या रेषा वयाच्या मानाने जास्त आणि खोल असतात, किंवा ज्यांना लहानपणी एक्झिमा (इसब) झालेला असतो, त्यांच्यात हे जास्त दिसतं. मुळापासून घालवणारं औषध नाही. पण हाताला जवळजवळ लागणार नाही इतकं ते कमी करता येतं आणि तसं ठेवता येतं.

आता आंघोळ. आपल्याकडे दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत हवा कोरडी असते, सकाळी थंडी, आणि त्यात बंबाचं कढत पाणी. कढत पाण्याने कातडीवरचा तेलकट थर निघून जातो. पाणी कोमट हवं, म्हणजे तुमचं कोपर बुडवल्यावर ना गरम लागेल ना गार. आंघोळ पाच ते दहा मिनिटांत उरका. साबण बगला, जांघा, पाय आणि मळलेल्या जागांपुरताच. दंड-मांड्यांना रोज साबण लागत नाही. साध्या साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचा आकडा, 9 ते 10 असतो आणि कातडीचा साडेपाचच्या आसपास, त्यामुळे साबण महाग असला तरी कोरडेपणा आणतोच. जमल्यास सिंडेट बार आणा, म्हणजे साबण नसलेली वडी. पाण्यात जंतुनाशक टाकायची सवय असेल तर तीही सोडा.

पाण्याचंही बघा. बेळगाव शहरात राकसकोप-हिडकलचं पाणी येतं. गावाकडे, विशेषतः अथणी-चिक्कोडीच्या बाजूला, बऱ्याच घरी बोअरचं जड पाणी असतं. त्यातले क्षार साबणाशी मिळून चिकट थर तयार करतात आणि तो कातडीवर बसतो. असं पाणी असेल तर साबण आणखी कमी वापरा आणि शेवटचे दोन तांबे नळाच्या किंवा पावसाच्या साठवलेल्या स्वच्छ पाण्याचे घ्या.

टॉवेलने रगडायचं नाही, टिपायचं. अंग अजून दमट असताना, साधारण तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लागलं पाहिजे. सगळा फरक या तीन मिनिटांत पडतो. शाळेच्या घाईत कपडे घालून, वेणी घालून मग क्रीम लावलं तर तोवर पाणी उडून गेलेलं असतं. डबा बाथरूमच्या दाराशीच ठेवा.

मॉइश्चरायझर साधंच चालतं: वास नसलेलं, लिक्विड पॅराफिन, पांढरं पेट्रोलियम जेली किंवा ग्लिसरीन असलेलं. थंडीत घट्ट मलम बरं. मार्च ते मे मात्र पातळ लोशन घ्या, नाहीतर घाम कोंडून घामोळ्या येतात आणि आई म्हणते क्रीमने पुरळ वाढलं. पावसाळ्यात हवेत ओलावा असतो म्हणून पुरळ आपोआप कमी दिसतं, खानापूरच्या बाजूला तर जास्तच. लोक तेव्हा सगळं बंद करतात आणि नोव्हेंबरात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पावसाळ्यातही आंघोळीनंतरचं लोशन चालू ठेवा.

खोबरेल तेल वाईट नाही. पण आपण आंघोळीआधी तेल चोळतो आणि मग गरम पाणी-साबणाने ते धुऊन काढतो. तेच आंघोळीनंतर ओल्या अंगावर चमचाभर लावा, उपयोग जास्त होईल. तेल पाणी अडवून धरतं, बूच मात्र विरघळवत नाही. म्हणून नुसत्या तेलाने कातडी चमकते, खरखर राहते. डाळीचं पीठ आणि उटणं दिवाळीच्या अभ्यंगापुरतं ठेवा. लिंबू, खायचा सोडा आणि कडुलिंबाच्या पाल्याचा लेप लावू नका, आग होते आणि डाग पडतात.

बूच मऊ करायला युरिया किंवा लॅक्टिक आम्ल लागतं. युरिया पाणी धरून ठेवतो आणि केराटिन सैल करतो. आठ वर्षांच्या मुलीला 10 टक्के युरियापासून सुरुवात ठीक आहे. मेडिकलमध्ये युरिया 10 ते 12 टक्के आणि सोबत लॅक्टिक आम्ल असं जोड क्रीमही मिळतं. तेही चालतं, पण चुरचुर जास्त होते. ट्यूब घेताना मागचा बारीक मजकूर वाचा, युरियापुढे किती टक्के लिहिलंय ते बघा. टाचेच्या भेगांसाठीच्या क्रीममध्ये युरिया 20 ते 40 टक्के असू शकतो, ते मुलीच्या दंडाला नको. घरात धाकटं भावंड असेल तर लक्षात ठेवा, दोन वर्षांखालच्या बाळाला युरिया डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पाच वर्षांपर्यंत मी साध्या मॉइश्चरायझरवरच भागवा म्हणेन. सॅलिसिलिक आम्लाची क्रीमं मोठ्यांना उपयोगी पडतात, पण लहान मुलांत मोठ्या भागावर लावली तर ते आम्ल रक्तात उतरतं, म्हणून स्वतःच्या मनाने नको.

लावायची पद्धत अशी. पहिले दोन दिवस एकाच दंडावर रुपयाएवढ्या जागेत लावून बघा. थोडी चुरचुर पाच-दहा मिनिटांत थांबली तर ठीक; लाल होऊन सुजलं किंवा खाज सुटली तर ते क्रीम बंद. चाललं तर पहिला आठवडा एक दिवसाआड रात्री, मग रोज रात्री. सकाळी आंघोळीनंतर साधं मॉइश्चरायझर, रात्री युरियाचं. माप सोपं आहे: तुमच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून एक रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतं, आणि ते मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. दोन्ही दंडांना मिळून एक पेर, प्रत्येक मांडीच्या पुढच्या भागाला एक पेर. साधं मॉइश्चरायझर याच्या दुप्पट लावलं तरी चालतं. लव ज्या दिशेने वळते त्या दिशेने, चोळून जिरवायचा आटापिटा न करता पसरवा. खरचटलेल्या, फुटलेल्या जागी युरिया लावू नका, मुलगी एकदा आगीने ओरडली की महिनाभर हात लावू देत नाही. गालांवरही असंच पुरळ असेल तर तिथे फक्त साधं मॉइश्चरायझर. लॅक्टिक आम्ल असलेलं क्रीम रात्रीच लावा, कारण त्यावर ऊन पडलं की कातडी लवकर भाजते.

पहिल्या दोन आठवड्यांत काही दिसणार नाही. खरखर कमी व्हायला सहा ते आठ आठवडे धरा. काळपट डाग त्यानंतर कित्येक महिने घेतात, ते घालवायला गोरं करणारी क्रीमं आणू नका. हाताला गुळगुळीत लागायला लागलं की युरिया आठवड्यातून दोन-तीन रात्री पुरतं. साफ बंद केलं तर काही आठवड्यांत पुरळ परत येतं. ते औषध हरल्याचं लक्षण नाही, हा आजारच तसा आहे.

त्या आठ दिवस बरं वाटलेल्या क्रीमचं आता बघा. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यातलं नाव आहे का? ही सगळी स्टेरॉइडं आहेत. सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध एकत्र केलेलं असेल तर शंभर टक्के तो मिश्रणाचा प्रकार. स्टेरॉइडने लाली उतरते म्हणून बरं वाटतं, बूच तसाच राहतो. महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ पडते, पांढरे वळ उठतात, नायटा असेल तर तो पसरतो. आठ दिवसच लावलं असेल तर सरळ थांबवा. चेहऱ्यावर बराच काळ लावत असाल तर एकदम न थांबवता आधी डॉक्टरांना दाखवा.

काही गोष्टी मात्र वेगळ्या असतात आणि त्या चुकवायच्या नाहीत. कोपर, गुडघे आणि कुल्ल्यांवर मोठे, कडक, काळपट काट्यांसारखे फोड असतील, मूल संध्याकाळी अंधार पडल्यावर धडपडत असेल किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा ठिपका दिसत असेल, तर ते अ जीवनसत्त्वाच्या आणि पोषणाच्या कमतरतेचं असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दिले जाणारे अ जीवनसत्त्वाचे डोस चुकलेत का, तेही सांगा. पण गोळ्या-कॅप्सूल आपल्या मनाने देऊ नका, हे जीवनसत्त्व शरीरात साठतं आणि जास्त झालं तर विषारी ठरतं. जेवणात शेवग्याचा पाला, मेथी, पपई, गाजर, अंडं, जवसाची किंवा कारळ्याची चटणी असावीच, फक्त त्याने केराटोसिस पिलारिस जाईल अशी आशा ठेवू नका.

रात्री खाज, बोटांच्या बेचक्यात आणि मनगटावर पुरळ, घरात आणखी कुणी खाजवतंय, असं असेल तर ती खरूज. घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी औषध लागतं. मोत्यासारखे चकचकीत दाणे आणि मधे खळगा असेल तर तो विषाणूचा प्रकार, मोलस्कम. कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या वळणात खाजरे चट्टे असतील तर एक्झिमा, त्याला वेगळी औषधं लागतात.

कपड्यांत एवढंच: घट्ट सिंथेटिक बाह्या आणि लेगिंग्ज घासतात, लोकरी स्वेटरच्या आत सुती बाही हवी. मुलगी टोकरत असेल तर नखं कापून ठेवा आणि ओरडण्याऐवजी तिच्याच हातात क्रीमची ट्यूब द्या. आठ वर्षांचं मूल हे काम मनापासून करतं. शाळेत कुणी खरूज-कज्जी समजून तिला वेगळं बसवत असेल तर डॉक्टरांकडून 'संसर्गजन्य नाही' अशी दोन ओळींची चिठ्ठी घ्या, कन्नड शाळा असेल तर कन्नडमध्येच.

तीन महिने नेमाने करून फरक नसेल, पुरळ लाल होऊन दुखत असेल, एकाच जागी गोल चकत्यांत अचानक काटेरी दाणे उठले असतील, किंवा भुवयांचे बाहेरच्या टोकाचे केस विरळ होत असतील तर चामडीच्या डॉक्टरांना दाखवाच. मुलगी सुस्त असते, वजन वाढतंय, बद्धकोष्ठ आहे आणि कातडी सगळीकडेच कोरडी, असं असेल तर थायरॉइड तपासून घ्या. बेळगावला बिम्सच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) जिल्हा रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. तुम्हाला निपाणीहून कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय जवळ पडेल. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या, आणि त्या दिवशी सकाळी पुरळावर काहीही लावू नका.