गाडी न चालवता इटली फिरायचीय, सोबत आईबाबा आहेत, मुक्काम कुठे करू?

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरमध्ये 9 दिवस आहेत, रोज बॅगा भरायच्या नाहीत, एका जागी राहून ट्रेनने फिरायचंय, तर व्हेनिस बरं की फ्लॉरेन्स. मी म्हणेन दोन्ही नको, 6 रात्री बोलोन्यात राहा आणि शेवटच्या 3 रोमला, आणि परतीचं विमान रोमहूनच पकडा. आम्ही सासूसासऱ्यांना घेऊन असंच केलं होतं.

बोलोन्या म्हणजे तिकडचं कल्याण जंक्शन समजा. मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रिमिनी सगळीकडच्या लाइनी तिथे मिळतात. फास्ट ट्रेनने फ्लॉरेन्स पाऊण तासाच्या आत, मिलान तास-सव्वा तास, व्हेनिस दीड तास. पण खरी मजा साध्या गाड्यांची, ज्यांना तिकडे रेजिओनाले म्हणतात. मोडेना आणि फेरारा अर्ध्या तासात, पार्मा तासाभरात, राव्हेना सव्वा तासाच्या आसपास. या गाड्यांचं तिकीट अंतरावर ठरलेलं असतं, आधी काढा की त्याच दिवशी काढा, भाव तोच. फास्ट ट्रेनचं तसं नाही, ते जितकं उशिरा काढाल तितकं महाग पडत जातं, म्हणून व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोमची तिकिटं आधी काढा आणि बाकीचे दिवस मोकळे सोडा. वयस्कर माणसं सोबत असताना हे फार कामाला येतं. सकाळी उठून गुडघे कसे आहेत, पाऊस आहे का ते बघायचं आणि मग ठरवायचं. राव्हेनाला आम्ही असेच आयत्या वेळी गेलो, सान व्हिताले चर्चमधली सहाव्या शतकातली मोझेइक बघत सासूबाई कितीतरी वेळ मान वर करून बसून होत्या, उठायलाच तयार नाहीत.

दुसरं म्हणजे संध्याकाळी थकून परतल्यावर स्टेशनपासून खोलीपर्यंतचा रस्ता कसा आहे ते बघा, हॉटेल बुक करताना हे कोणी बघत नाही. व्हेनिसमध्ये पुलांना पायऱ्या आहेत, बॅग उचलून चढा, उचलून उतरा. स्वस्त म्हणून लोक मेस्त्रेत राहतात, तिथून व्हेनिस ट्रेनने 10 मिनिटं, पण संध्याकाळी मेस्त्रेत करण्यासारखं फारसं काही नाही. बोलोन्यात स्टेशनपासून मुख्य चौकापर्यंत, म्हणजे पियाझा माज्जोरेपर्यंत, 20 मिनिटांचा जवळपास सपाट रस्ता आणि बराचसा कमानींच्या छताखालून. या कमानी शहरभर आहेत, 2021 साली युनेस्कोच्या यादीत आल्या, ऊन असो पाऊस असो डोक्यावर छप्पर आहेच. खोली स्टेशन आणि या चौकाच्या मधल्या पट्ट्यात घ्या, फक्त लिफ्ट आहे का ते नक्की विचारा, जुन्या इमारतींत बरेचदा नसते.

आणि तारखा जपून निवडा. बोलोन्यात मोठमोठी व्यापारी प्रदर्शनं भरतात, सप्टेंबरच्या शेवटी टाइल्सचं चेर्साए असतं, त्या दिवसांत खोल्यांचे भाव भलतेच चढतात, शक्यतो महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जा.

डोक्यात फक्त टस्कनीची डोंगरावरची गावं असतील तर मात्र बोलोन्या सोयीचं नाही, मग फ्लॉरेन्सलाच राहा. सिएना हे त्यातलंच एक गाव, तिथे जायला फ्लॉरेन्सहून ट्रेनपेक्षा बस बरी, ती थेट वर गावापाशी सोडते, रेल्वे स्टेशन खाली उताराला आहे.

स्टेशनवरच्या काही गोष्टी. रेजिओनालेचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटाजवळच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचा, विसरलात तर दंड होतो, मोबाइलवर काढलं असेल तर प्रवासाआधी त्यातच चेक-इन करायचं. संप असला तर घाबरू नका, कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 ठरावीक लोकल गाड्या चालवाव्याच लागतात, तेवढ्यात जाऊन येता येतं. बोलोन्याला फास्ट ट्रेनचे 16 ते 19 नंबरचे फलाट जमिनीखाली खूप खोल आहेत, आईबाबा असतील तर 15 मिनिटं जास्तीची धरा. आणि बोर्डवर फलाटाच्या नंबरापुढे ओव्हेस्त (पश्चिम) किंवा एस्त (पूर्व) लिहिलं असेल तर तो वेगळाच फलाट, पार दुसऱ्या टोकाला, आम्ही 3 नंबरवर उभे होतो आणि गाडी 3 ओव्हेस्तवरून निघून गेली.