'धसक्याने ताप आला' : धसका आणि ताण

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, पुराचे पाणी घरात शिरल्यानंतर महिन्याभराने सासूबाई आजारी पडल्या, तेव्हा घरातली मंडळी 'धसक्याने ताप आला' असे म्हणू लागली. हा प्रयोग बरोबर आहे का, की आरोग्यविषयक लेखनात 'ताणामुळे' असेच लिहावे?

प्रयोग बरोबर आहे, मात्र 'धसका' आणि 'ताण' हे एकमेकांच्या जागी बसणारे शब्द नाहीत. ताण येतो, वाढतो, हलका होतो, आणि त्याला एखादी घटना लागतेच असे नाही. परीक्षेचा ताण असतो, कर्जाच्या हप्त्यांचाही असतो. धसका मात्र बसतो किंवा घेतला जातो, आणि त्यामागे बोट दाखवता येईल असा एक प्रसंग असावा लागतो. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांमध्ये शिरले, त्यानंतर पाऊस लागला की पाणी किती चढले ते पाहायला नदीकडे धाव घेणाऱ्या माणसांनी पानशेतचा धसका घेतला होता, 'ताण' नव्हे.

'धस्स होणे' हे याच कुळातले दिसते, पण ते क्षणाचे असते, आणि हा भेद शरीरशास्त्रालाही जुळतो. छातीत धस्स होते तेव्हा अ‍ॅड्रेनलिन उसळते आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी काही काळ उलट वाढतात, म्हणजे शरीर जखमेच्या तयारीला लागते. धसका आठवडे, महिने मनात राहिला की कॉर्टिसोलसारख्या संप्रेरकांचे नेहमीचे चक्र बिघडते आणि रोगप्रतिकारशक्तीचा तोल जातो. ऑगस्ट 1992 मध्ये फ्लोरिडावर आलेल्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर तिथल्या रहिवाशांचे रक्त तपासले, तेव्हा विषाणूंनी ग्रासलेल्या पेशींना मारणाऱ्या 'नैसर्गिक मारक पेशीं'ची संख्या जास्त असूनही त्यांची मारकशक्ती इतरांपेक्षा कमी आढळली. त्याच अभ्यासात असेही दिसले की, मानसिक आघाताची लक्षणे आणि ही घटलेली शक्ती यांना जोडणारा एक दुवा वादळानंतर बिघडलेली झोप हा होता. 'धसक्याने झोपच उडाली' हे आपण सहज बोलून जातो. मला हा योगायोग फार मोलाचा वाटतो.

अडचण आहे ती '-ने' या प्रत्ययाची. 'विळीने बोट कापले' यात तो साधन दाखवतो, 'पावसाने उशीर झाला' यात कारण. त्यामुळे 'धसक्याने ताप आला' हे वाक्य ऐकणाऱ्याला धसका हेच तापाचे संपूर्ण कारण वाटू शकते. पुरानंतरचा ताप लेप्टोस्पायरोसिसचा (उंदरांसारख्या प्राण्यांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या जिवाणूजन्य आजाराचा) असू शकतो, साठलेल्या पाण्यातल्या डासांमुळे आलेला डेंगीही असू शकतो, आणि घरच्यांनी 'धसकाच तो' म्हणून रक्ततपासणी लांबवली तर भाषेची ही सैल वीण महागात पडते. ('हाय खाल्ली' या प्रयोगातही हाच धोका आहे, किंबहुना थोडा जास्त, कारण त्यात माणूस आता सावरणार नाही असे गृहीतच धरलेले असते.)

म्हणून संज्ञा हवी तिथे 'आपत्तीनंतरचा ताण' लिहावे, कारण शास्त्रीय लेखनात 'ताण' हाच शब्द रुळला आहे. बाधित कुटुंबांच्या हाती द्यायच्या पत्रकात मी असे लिहीन : 'पुराचा धसका घेतलेल्या माणसाचे अंग आजाराला लवकर बळी पडू शकते, ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.'