एका सदनिकेच्या अनेक नोंदी, त्यांतील ताजी कोणती?

प्रश्न : मुलुंड येथील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांची माहिती मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत आहे. मालक किंवा फोन नंबर बदलला की जुनी नोंद न पुसता नवी भरली जाते, त्यामुळे बी-४०२ सारख्या एकाच सदनिकेच्या चार-पाच नोंदी आहेत. सदनिकेनुसार ‘ग्रुप बाय’ (नोंदींचे गट) करून तारखेचा ‘मॅक्स’ (कमाल किंमत) काढला, तर तारीख बरोबर येते. फोन नंबर मात्र जुन्याच नोंदीतला दिसतो. असे का होते?

उत्तर : ‘मॅक्स’ त्या रकान्यातील सर्वांत मोठी किंमत तेवढी देतो, ती ज्या नोंदीत आहे, त्या नोंदीतील बाकीची माहिती सोबत आणत नाही. आवृत्ती ५.७ पासून मायएसक्यूएल अशी क्वेरी (डेटाबेसकडे केलेली मागणी) मूळ सेटिंगमध्येच नाकारते. तुमच्याकडे ती चालते, याचा अर्थ आवृत्ती जुनी आहे किंवा ते बंधन कोणीतरी काढून ठेवले आहे.

आवृत्ती ८.० किंवा पुढची असेल, तर नोंदींना क्रमांक देणारे ‘रो नंबर’ हे फंक्शन वापरावे : गट ठरवणाऱ्या ‘पार्टिशन बाय’मध्ये सदनिका आणि क्रम ठरवणाऱ्या ‘ऑर्डर बाय’मध्ये उतरत्या क्रमाने तारीख दिली, की प्रत्येक सदनिकेच्या ताज्या नोंदीला १ क्रमांक मिळतो. हा क्रमांक त्याच क्वेरीच्या ‘व्हेअर’ या अटींच्या भागात तपासता येत नाही, कारण ‘व्हेअर’ची चाळणी क्रमांक पडण्यापूर्वीच झालेली असते, म्हणून ही क्वेरी आत ठेवून बाहेरच्या क्वेरीत क्रमांक १ च्या नोंदी निवडाव्यात. एकाच दिवशी दोन नोंदी झाल्या असतील, तर तारखेनंतर नोंद क्रमांकही उतरत्या क्रमाने द्यावा, नाहीतर दोहोंपैकी कोणती येईल याचा भरवसा नाही. जुन्या आवृत्तीत सदनिका आणि कमाल तारीख यांची उपक्वेरी मूळ टेबलाला जोडावी लागते. तिथे बरोबरीच्या दोन्ही नोंदी येतात.

त्याआधी तारखेचा रकाना मात्र अवश्य तपासा. संस्थांच्या कार्यालयांत एक्सेलमधून आलेल्या तारखा पुष्कळदा मजकूर म्हणून साठवलेल्या असतात, आणि मजकूर डावीकडून एकेक अक्षर घेऊन ताडला जात असल्याने ‘२१/०२/२०२२’ ही तारीख ‘०३/११/२०२३’ हिच्यापेक्षा मोठी ठरते. मग क्वेरी कितीही बिनचूक असली, तरी उत्तर चुकणारच. हा रकाना ‘डेट’ प्रकारात बदलून घ्यावा. सदनिका आणि तारीख यांचा एकत्रित इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) काही शे सदनिकांच्या संस्थेला लागणार नाही.