बावखलाची राखण

प्रिय बाळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. काकांना घरामागचं बावखल, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं आपलं छोटं तळं, बुजवून तिथे इमारत उभी करायची आहे. तू अडवलंस तेव्हा ते म्हणाले, "तू आपली चर्चमध्ये मिस्साला जा, प्रार्थना कर. पाण्याचं देव बघेल." आणि आता तू विचारतेस, की श्रद्धेचा आणि बावखलाचा खरंच काही संबंध आहे का.

बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाचा दुसरा अध्याय काढ, पंधरावं वचन. देवाने माणसाला एदेन बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला. आपण वसईचे वाडीवाले, आपल्याला हे दोन शब्द कुणी समजावून सांगायला नकोत. राखणीसाठी मूळ हिब्रूत ‘शामार’ हे क्रियापद आहे. दोन अध्याय पुढे गेलीस की ते पुन्हा भेटतं. हाबेलाला मारून आलेला काइन देवालाच उलट विचारतो, मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे? बागेची राखण आणि भावाची राखण, धातू एकच.

बावखलाकडे बघितलं की हे मला लख्ख दिसतं. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरींना पाझर देतं. जमिनीत गोड्या पाण्याचा भार असला की समुद्राचं खारं पाणी आत सरकत नाही. म्हणजे बावखल आपल्या सातबाऱ्यावर असलं तरी त्याचं पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत असतं. ते बुजवलं की आधी त्याची विहीर मचूळ होते. २०१८ च्या जुलैत घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा तू कॉलेजात होतीस, तुला आठवत असेल. ते पाणी मुरण्याच्या कितीतरी जागा आपणच भरून टाकल्या होत्या.

आता तुला आजवर न सांगितलेली गोष्ट सांगतो. १९९० च्या आसपास आपले धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले होते. सगळ्या धर्मांचे लोक त्यांच्यासोबत होते. मीही मोर्च्यात चाललो, घोषणा दिल्या. त्याच सुमारास आमच्या वाडीतलं बावखल भरलं गेलं आणि घरात मी वडिलांसमोर एक शब्द काढला नाही. पुढे पानवेल गेली, मग केळी. इतकी वर्षं चर्चमध्ये फादरांपुढे पापनिवेदनाला जात होतो, पण हे कधी सांगितलं नाही, कारण ते पाप आहे असं मला वाटलंच नव्हतं. ऑर्थोडॉक्स चर्चचे पेट्रिआर्क, म्हणजे ज्येष्ठ धर्मगुरू, बार्थोलोम्यू यांनी १९९७ साली स्पष्ट म्हटलं होतं, की निसर्गाची हानी करणं हे पाप आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात त्यांचे शब्द घेतले. तिथे ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून तुला सांगतो, घरातच बोल. पण काकांच्या अंगावर वचनं फेकू नकोस. वाडीत आता भागत नाही, भावांचे हिस्से द्यायचे आहेत, मुलींची शिक्षणं आहेत. त्यांची अडचण खरी आहे, ती आधी पूर्ण ऐकून घे. मग त्यांना विहिरीवर घेऊन जा. लहानपणी ते त्या बावखलात पोहले असतील, मासे धरले असतील, ते विचार. बांधायचंच असेल तर बावखल सोडून कुठे बांधता येईल, तेही त्यांच्याबरोबर बसून बघ.

आपल्या धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या परिसरात, १ सप्टेंबरला सृष्टीसाठी प्रार्थना होते, रोपं लावली जातात. त्यात जरूर जा. पण एकीकडे रोप लावायचं आणि दुसरीकडे पाणी बुजतंय तिथे गप्प बसायचं, हे माझ्याकडून झालं, तुझ्याकडून होऊ नये.

काका तयार झाले, तर मे महिन्यात, पाऊस पडायच्या आधी, गाळ काढून घ्या. आळीतल्या सगळ्यांना बोलाव, मिस्साला येणाऱ्यांनाही आणि न येणाऱ्यांनाही. मला दिवस कळव. आता फावडं चालवणं जमत नाही, पण काठावर उभं राहून घमेली पुढे देता येतील.

तुझे,
सर