मुन्नारच्या पॅशनफ्रूटला होता तसा वास आमच्या गच्चीतल्या फळाला का येत नाही?

तुम्ही लिहिलंय की मुन्नारला खाल्लेलं जांभळं फळ कापताक्षणी घमघमलं. डोंबिवलीच्या गच्चीतला तुमचा पिवळा वेल मात्र फुलतो खूप, फळं मोजकीच धरतो, आणि रंग आला की तोडून, उकळून केलेल्या सिरपला वास बेताचाच. सावंतवाडीजवळ आमच्या मांडवावरही पिवळाच वेल आहे, म्हणून ठामपणे सांगतो: जातीला सगळा दोष देऊ नका.

जांभळं फळ जास्त गोड आणि सुवासिक असतं, हे खरं. त्याला उंचावरची थंड हवा मानवते. पिवळं सखल, उष्ण भागातलं आणि चवीला आंबट. पण पिवळ्यात वासाची सामग्री कमी नाही. या फळाचा वास दोन थरांचा असतो. एक थर एस्टरांचा, म्हणजे फळांना गोडसर वास देणाऱ्या संयुगांचा: इथाइल ब्युटिरेट, इथाइल हेक्झॅनोएट, हेक्झाइल ब्युटिरेट वगैरे. अननस, सफरचंद अशा फळांतही यांतले काही असतात, त्यामुळे नुसत्या एस्टरांवर केलेलं सिरप गोडसर वासाचं पण ओळख नसलेलं लागतं. पॅशनफ्रूटला पॅशनफ्रूट करणारा दुसरा थर गंधकयुक्त संयुगांचा, आणि त्यांतली दोन १९७६ मध्ये पिवळ्या फळातूनच शोधली गेली. या थरातलं महत्त्वाचं नाव ३-मर्कॅप्टोहेक्झॅनॉल. ते आणि त्याचं अ‍ॅसिटेट नाकाला इतकी तीव्र लागतात की लिटरमागे काही नॅनोग्रॅम ते काही दशक नॅनोग्रॅमही (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) पुरतात. प्रमाण जरा वाढलं की हाच वास घामट, मांजराच्या मुतासारखा होतो. योग्य मात्रेत तोंडाला पाणी सुटतं. नाशिककडची सोव्हिन्यों ब्लांक वाइन कधी हुंगली असेल तर तिच्यात पॅशनफ्रूट का आठवतं, त्याचं उत्तरही हेच: तिथेही हीच संयुगं असतात.

आता तुमचं फळ. रंग चढला म्हणजे फळ तयार झालं असं नाही. वासाचं बरंचसं काम पिकण्याच्या शेवटच्या टप्प्यात होतं. लवकर तोडलेलं फळ घरात पिवळं होईल, मऊही पडेल, पण वेलावर पिकलेल्याची सर त्याला येत नाही. म्हणून तोडूच नका. पॅशनफ्रूट पूर्ण पिकलं की देठापासून आपोआप गळतं. वेलाखाली जुनी साडी किंवा जाळी बांधा, रोज सकाळी पडलेली फळं वेचा आणि साल सुरकुतेपर्यंत घरातच ठेवा. सुरकुतलेलं फळ वाईट दिसतं म्हणून लोक टाकून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. ते खायला तेव्हाच उत्तम असतं. हिरवी, कच्ची फळं मात्र खाऊ नका, त्यांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात.

आणि उकळणं तर पूर्ण बंद करा. वास वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरतो, बाटलीत उरतो आंबटपणा. शिवाय या रसात स्टार्च असतो, तापवला की तो घट्ट होऊन तळाला धरतो. साखरेचा पाक वेगळा करून पूर्ण गार होऊ द्या आणि मग त्यात कच्चा गर मिसळा. गर चमच्याने गाळणीवर घोटून काढा. मिक्सरमध्ये बिया फुटून काळी कच येते. गर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला की बराच काळ टिकतो. तांब्या-पितळेची भांडी नकोत. आंबट रस तांब्याला खातो आणि ते तांबं गंधकाची संयुगं धरून ठेवतं, म्हणजे वास तिथेच मारला जातो.

फळं कमी धरण्याचं कारण बहुधा तुमचा एकटा वेल. पिवळ्या वेलाला स्वतःचा पराग चालत नाही. त्याच वेलाच्या फांदीपासून केलेलं रोप शेजारी लावूनही उपयोग नाही, बियांपासून वाढलेला दुसराच वेल हवा. पराग जड आणि चिकट असल्याने वाऱ्याने उडत नाही. ते काम मोठ्या काळ्या भुंग्यांचं. वाळक्या लाकडात, बांबूत ते घर करतात, म्हणून आम्ही मांडवाचे जुने वासे फेकत नाही. गच्चीत भुंगे येत नसतील तर तुम्हीच करा. पिवळं फूल दुपारच्या सुमारास उमलतं. मधले तीन स्त्रीकेसर खाली वाकले की दुसऱ्या वेलाच्या फुलाचा पराग बोटाने किंवा ब्रशने तिन्हींवर भरपूर लावा. प्रत्येक बीभोवती रसाची एक पिशवी बनते, त्यामुळे पराग कमी पडला की फळ बाहेरून मोठं आणि आत पोकळ निघतं. लगेच पाऊस आला तर पराग फुटून मेहनत वाया जाते, तेव्हा श्रावणात उघडीप बघून करा.

जांभळा वेल मागवायची घाई मात्र नको, डोंबिवलीच्या उकाड्यात तो नीट फुलणार नाही. दोघांच्या संकरातून कर्नाटकातल्या कोडगूच्या चेट्टळ्ळी फळसंशोधन केंद्रात तयार झालेली 'कावेरी' ही जात खात्रीच्या रोपवाटिकेत मिळाली तर जरूर लावून बघा. पण आधी बियांचं दुसरं पिवळं रोप लावा.