आधी लिनक्स, मग क्लाउड

प्रश्न : बी.एस्सी. कॉम्प्युटर झालंय. पुण्यातला एक क्लास सहा महिन्यांत डेव्हऑप्स इंजिनिअर करतो म्हणतो. फी 60 हजार. भरू का? (अमळनेर)

1945 साली वनस्पती तुपाच्या कारखान्यातून विप्रो ज्या गावात उभी राहिली, तिथून हा प्रश्न यावा, गंमत वाटली. आत्ता तरी भरू नका. डेव्हऑप्स म्हणजे तयार सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवून ते सतत चालू ठेवण्याचं काम. पत्रकात डॉकर, कुबरनेटिस, टेराफॉर्म अशा टूल्सची जंत्री असते. पण कंटेनर (डॉकर ज्या बंद डब्यात प्रोग्रॅम चालवतं तो) म्हणजे शेवटी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारी प्रोसेसच, म्हणजे चालू प्रोग्रॅमच, आणि लिनक्सच कच्चं असेल तर ती सगळी नावं पाठ करूनही हाती काही लागत नाही. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू हे लिनक्स टाका, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर चालवा, आईच्या मोबाइलवर ते पान उघडून दाखवा. मग मुद्दाम बिघडवा.

मुलाखतीत मी हमखास विचारतो : साइट बंद आहे, सर्व्हर चालू आहे, आधी काय बघाल? बरेच जण 'रीस्टार्ट करू' म्हणतात. मला आवडतो तो, जो आधी डिस्क भरली का ते बघतो आणि मग लॉग, म्हणजे सर्व्हरने लिहून ठेवलेल्या नोंदी, वाचतो. त्याला पुढचा प्रश्न : भलीमोठी लॉग फाइल उडवली, तरी जागा मोकळी का होत नाही? कारण चालू प्रोसेसने ती फाइल अजून धरून ठेवलेली असते. 'एलएसओएफ' कमांड लावली की चोर सापडतो. हे ज्याने स्वतः एकदा भोगलंय, तो उत्तर देताना हसतो. मला तेवढं पुरतं.

प्रश्न : एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या मशीनच्या) खात्याला वडिलांचं कार्ड जोडलंय. मशीन बंद ठेवली तर बिल येणार नाही ना? (चोपडा)

येऊ शकतं. लाइट बिलात स्थिर आकार असतो ना, तसंच. मशीन बंद केली तरी तिच्या डिस्कचं भाडं चालू राहतं. राखून ठेवलेल्या पब्लिक आयपीचेही (मशीनच्या इंटरनेटवरच्या पत्त्याचे) तासाला अर्धा सेंट लागतात. सगळ्यात खादाड नॅट गेटवे, म्हणजे आतल्या मशीनना इंटरनेटवर जाऊ देणारं दार. सुरुवातीला मी तो चालू ठेवून लग्नासाठी गावी गेलो, पंधरा दिवसांनी आलो तर दीड हजाराच्या वर बिल! चूक माझीच. बजेटचा अलर्ट लावाच, पण तो फक्त कळवतो, काही बंद करत नाही. सराव संपला की सगळं डिलीट करा. आणि अ‍ॅक्सेस की, म्हणजे खात्याची गुप्त किल्ली, गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) चुकूनही टाकू नका.

प्रश्न : वय 29. केबल-इंटरनेटची जोडणी करतो. उशीर झाला का? (भुसावळ)

उलट तुम्ही पुढे आहात. राउटर, आयपी, डीएनएस तुमच्या रोजच्या हाताखालचं. क्लाउडमधलं नेटवर्क तेच, फक्त वायर दिसत नाही. सबनेटचं (नेटवर्कचे छोटे भाग पाडण्याचं) गणित पक्कं करा, थोडं पायथन शिका. पहिलीच नोकरी डेव्हऑप्सची क्वचित मिळते. लिनक्स सपोर्टमधून शिरा. रात्रपाळी असेल, पण बिघाड पाहायला मिळतील.

प्रश्न : सर्टिफिकेट लागतंच का? आणि घरून काम जमेल? (नंदुरबार)

सर्टिफिकेटने मुलाखतीचा फोन येतो, पुढचं तुमच्यावर. एडब्ल्यूएसची असोसिएट परीक्षा पर्यायांची आहे. कुबरनेटिसची सीकेए ही परीक्षा मात्र दोन तास टर्मिनलवर काम करून दाखवायची, म्हणून मी तिला जास्त मानतो. घरून काम जमतं, पण सहसा वर्ष-दोन वर्षं ऑफिसात काढल्यावर. ऑन-कॉलला (बिघाड झाला की धावायच्या पाळीला) रात्री दोनलाही फोन येतो, आणि लाइट नेमकी तेव्हाच गेलेली असते. इन्व्हर्टर घ्याल तेव्हा राउटरचा प्लगही त्यावरच घ्या. लोक हे हमखास विसरतात.