शौचातून रक्त जात असताना थांबावे का?

प्रश्न : माझे वय ५२ वर्षे आहे. गेल्या काही महिन्यांपासून मला कधी बद्धकोष्ठतेचा, तर कधी पातळ शौचाचा त्रास होतो आणि अधूनमधून ताजे लाल रक्तही पडते. मूळव्याध समजून मी मलम लावत आहे. आमच्या डॉक्टरांनी पोटविकारतज्ज्ञांना दाखवण्यास सांगितले आहे. परंतु मला तपासणीचा संकोच आणि कोलोनोस्कोपीची भीती वाटते. आणखी काही दिवस थांबले तर चालेल का?

उत्तर : कृपया थांबू नका. ताज्या लाल रक्ताचे सर्वांत नेहमीचे कारण मूळव्याध हेच असते, हे खरे आहे. परंतु मूळव्याधीमुळे शौचाची सवय सहसा अशी पालटत नाही, आणि मूळव्याध असलेल्या माणसाच्या मोठ्या आतड्यात त्याच वेळी दुसरा आजारही असू शकतो. पन्नाशीनंतर सवयीतील बदल आणि रक्तस्राव या दोन्ही गोष्टी एकत्र दिसत असतील, तर आतडे आतून पाहिल्याशिवाय मूळव्याधीचे निदान गृहीत धरणे मला योग्य वाटत नाही.

तुमचा संकोच मी समजू शकतो. मात्र तज्ज्ञांसाठी हे वर्णन रोजचेच असते, आणि निदानाची निम्मी वाट त्यातूनच सापडते. रक्त मलात मिसळलेले असते की वरून पडते, शौचासाठी रात्री झोपेतून उठावे लागते का, वजन आपोआप घटले आहे का, आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला आतड्याचा कर्करोग झाला होता का, हे सारे आधीच कागदावर लिहून न्यावे. सुरू असलेल्या सर्व औषधांची यादीही सोबत असू द्यावी, कारण वेदनाशामक गोळ्यांमुळे रक्तस्राव होऊ शकतो आणि लोहाच्या गोळ्यांनी मल काळा होतो. बोटाने केली जाणारी गुदद्वाराची तपासणी एखाद्या मिनिटात संपते. ती करताना सोबत कोणी असावे असे वाटत असेल, तर तसे मोकळेपणाने सांगावे.

कोलोनोस्कोपीत कॅमेरा बसवलेली लवचीक नळी गुदद्वारातून मोठ्या आतड्यात सरकवतात. बहुतेकदा गुंगीचे औषध दिले जाते आणि तपासणी साधारणपणे अर्ध्या ते एका तासात आटोपते. अनेक रुग्णांना तपासणीपेक्षा आदल्या दिवशीचे रेचक आणि वारंवार शौचास जाणेच अधिक त्रासदायक वाटते. तरीही त्यात कसूर करू नये, कारण आतडे स्वच्छ नसेल तर लहान गाठी नजरेतून सुटतात. पॉलिप नावाच्या या गाठींपैकी काहींचे रूपांतर अनेक वर्षांनी कर्करोगात होऊ शकते, आणि बहुतेक पॉलिप त्याच वेळी काढून टाकता येतात. आतड्याला इजा होणे किंवा अधिक रक्तस्राव होणे असे धोके आहेत, पण ते क्वचितच उद्भवतात. रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची औषधे चालू असतील, तर ती स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना आधी विचारावे. गुंगीचा अंमल राहत असल्याने त्या दिवशी वाहन चालवू नये आणि घरी परतताना कोणाला तरी सोबत घ्यावे.

भेटीची तारीख येण्यापूर्वीच रक्त जास्त जाऊ लागले, चक्कर आली, मल डांबरासारखा काळा व चिकट झाला किंवा पोट फुगून उलट्या होऊ लागल्या आणि वायूही सरेनासा झाला, तर त्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.